परत न आलेले बीम

इद्रीस मास्तरांनी लाकडी फळी टाकीत बुडवली, एकदा गोल फिरवली आणि वर काढली. फळीच्या टोकावरून कांजीची धार सुटली, मग तिचे थेंब झाले. शेवटचा थेंब त्यांनी उजव्या हाताच्या अंगठ्यावर आणि पहिल्या बोटावर घेतला, चोळला, बोटं हळूच विलग केली आणि डोळे मिटले. सायझिंगमधली सहाही माणसं हातातलं काम टाकून उभी राहिली. हे रोजचंच होतं. सकाळी आठला मास्तर डोळे मिटत तेव्हा तिथे कुणी खोकतसुद्धा नसे.

"अर्धी बादली पाणी," मास्तर डोळे उघडून म्हणाले.

"हा, मास्तर," राघो म्हणाला आणि बादली उचलून टाकीमागे गेला.

मास्तरांनी फडक्याला बोटं पुसली. त्या बोटांना काहीही कळलं नव्हतं. कांजी जाड की पातळ, शिजलेली की कच्ची, एवढंच काय, गरम की गार हेसुद्धा कळलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी रक्तातल्या साखरेने आधी तळपाय धरले आणि मग ती हातांवर आली. एका संध्याकाळी बायकोने, सबीहाने, त्यांचा हात उलटा करून विचारलं, "हा फोड कसला?" तेव्हा तो फोड त्यांनाही पहिल्यांदाच दिसला होता. त्या दिवसापासून अर्धी बादली, पाव बादली, राहू दे, हे सगळं ते अंदाजाने सांगत आले होते. आणि नवल असं की अंदाज चुकत नव्हता.

भिवंडीत कापड विणायला बसायच्या आधी सुताला खळ पाजावी लागते. ते काम करणारे सायझिंगवाले तिला कांजी म्हणतात. पिठूळ पाणी वाफेवर शिजवायचं, त्यातून हजारो तारा एकदम न्यायच्या, सुकवायच्या आणि भल्यामोठ्या लोखंडी बीमवर गुंडाळून लूमवाल्याकडे पाठवायच्या. कांजी पातळ झाली की सुताचा केस उभा राहतो आणि लूमवर तार तुटते. जाड झाली की सूत काडीसारखं ताठ होतं, आणि तरीही तार तुटते. मग लूमवाला तोच बीम टेम्पोत घालून परत आणतो आणि गल्लीभर ऐकू जाईल असं बोलतो. या दोन्हींच्या मधली जी काही बारीकशी जागा आहे, ती ज्याच्या बोटाला सापडते तो मास्तर. इद्रीस मास्तरांच्या बोटाला ती चाळीस वर्षांपूर्वी सापडली होती. लोक त्यांचं नाव घेताना आधी बोटाचं घेत.

आणि मास्तरकीची एक रीत होती. मास्तर पाणी सांगतो, घालत नाही. एकदा सांगून झालं की तो टाकीमागे जाऊन बघतही नाही. सांगितल्यावर मागे जाऊन बघणं म्हणजे समोरच्यावर भरवसा नसणं, आणि आपल्या बोटावरही नसणं. जे नवे मास्तर तसं करत त्यांना जुनी माणसं हसत. इद्रीस मास्तरांनी ते कधी केलं नाही. सांगितलं की ते सरळ मशीनच्या पुढच्या टोकाला जाऊन बसत.

तिथेच त्या सकाळी अरशद आला. तो सायझिंगचा मालक. वडील वारल्यावर धंदा त्याच्याकडे आला त्याला सहा वर्षं झाली होती. मास्तरांच्या मांडीवर बसून त्याने लहानपणी बॉयलरच्या भोंग्याची दोरी ओढली होती, म्हणून मालक झाल्यावरही तो मास्तरांसमोर खुर्चीत बसत नसे. आजही तो बीमला टेकून उभा राहिला.

"मास्तर, मानकोलीची शेड तयार झाली. पुढच्या महिन्यात मशीन लागतंय. इकडचं बंद."

"चांगलं झालं," मास्तर म्हणाले. चाळीस वर्षं ज्या जागेत काढली ती बंद होणार हे ऐकून माणूस एवढंच बोलू शकतो.

"तुम्ही यायचं."

"मी? तिथे तर सगळं पॅनेलवर."

"आकडे येतील पॅनेलवर. पण आकडा किती ठेवायचा ते कोण सांगणार? तुम्ही बोट लावायचं, बरोबर आहे म्हणायचं, आम्ही तो आकडा मशीनला शिकवायचा. वर्षभर. मग मशीन तुमच्या बोटाने चालणार, मास्तर. तुम्ही घरी बसलात तरी."

मास्तरांना खरं तर आनंद झाला होता, आणि आनंदाच्या पाठोपाठ भीतीही वाटली होती.

"आणि ही माणसं?"

"बघू. तिथे चारजण पुरतात, तेही शिकलेले. राघोला तर गरजच नाही, त्याच्या जागेत कशेळीला गोडाऊन उभं आहे. घरचे त्याला कधीपासून म्हणतायत घरी बस." अरशद हसला. "उद्या दुपारी येतो. परवा जुम्मा, सुट्टी. उद्याच काय ते सांगा."

दुपारी शिफ्ट सुटल्यावर मास्तर पायीच घरी निघाले. पूर्वी या वाटेवर बोलायचं तर ओरडावं लागे. दोन्ही बाजूंच्या खोल्यांतून लूमची खटखट चाले, पायांखालची जमीन थरथरे आणि चहाच्या टपरीवरचे पेले आपोआप सरकत जात. बाहेरगावचा पाहुणा आला की पहिली रात्र जागून काढी, आणि भिवंडीचा माणूस बाहेरगावी गेला की शांततेने जागा राही. आता दर चार खोल्यांमागे एकीत लूम होते. बाकीच्यांतले भंगारात गेले आणि तिथे खोकी भरलेली होती, कुणी कुठून मागवलेल्या आणि कुणाला पाठवायच्या सामानाची. मास्तरांना ती शांतता आवडत नसे, पण तसं कुणाला सांगितलं असतं तर लोकांनी वेड्यात काढलं असतं.

आज मात्र त्यांचं शांततेकडे लक्ष नव्हतं. मानकोलीला जायचं की नाही, या एकाच प्रश्नाने डोकं धरलं होतं. जावं, तर मेलेल्या बोटाने एक मशीन शिकवायचं. न जावं, तर का नाही ते सांगायचं. पण दोन वर्षं अंदाज बरोबर येतोच आहे ना? बोट गेलं तरी चाळीस वर्षांची सवय कुठे जाते? अशी स्वतःची समजूत घालत ते घराच्या पायऱ्या चढले.

नूरैन जमिनीवर मांडी घालून बसली होती, समोर लॅपटॉप आणि अवतीभवती कागद. मास्तरांची ही एकुलती एक लेक परदेशातल्या एका प्रयोगशाळेत संशोधन करत होती. दहा दिवसांच्या सुट्टीवर आली होती, आणि तिच्या जुन्या शाळेने शनिवारी नववीच्या मुलींसमोर बोलायला बोलावलं होतं. तीन दिवस ती भाषण लिहीत होती आणि खोडत होती.

"अब्बा, बसा. तुमच्यावर प्रयोग करायचाय. तुम्हाला समजलं तर नववीला समजेल."

"म्हणजे मी नववी नापास," मास्तर म्हणाले आणि भिंतीला टेकून बसले.

त्यांना एकदम ती आठ वर्षांची दिसली. शाळा सुटल्यावर डबा घेऊन सायझिंगला यायची, बादली उपडी घालून तिच्यावर उभी राहायची आणि टाकीत डोकवायची. वाफेने तिच्या केसांच्या बटा कपाळाला चिकटत. 'अब्बा, एकच थेंब,' म्हणून तळहात पुढे करायची. मास्तर थेंब फुंकून गार करून द्यायचे आणि ती तो दोन बोटांत धरून, डोळे मिटून, हुबेहूब त्यांच्यासारखं तोंड करायची. 'अर्धी बादली पाणी,' असं ती म्हणाली की सगळं सायझिंग हसे. ते दिवस इतके जवळचे वाटत की हात लांबवला तर लागतील. आणि आता हात लांबवून उपयोग नव्हता, हाताला काही लागतच नव्हतं.

"तर," नूरैन म्हणाली, "शिशाच्या अणूच्या मधला जो गाभा असतो ना, तसे दोन गाभे आम्ही जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने एकमेकांवर आपटतो."

"कशाला?" स्वयंपाकघरातून सबीहाने विचारलं. ती तांदळाच्या भाकऱ्या थापत होती.

"फोडून आत काय आहे बघायला, अम्मी. आपटले की इतकं तापतं, सूर्याच्या पोटातल्या उष्णतेच्या लाखपट. गाभ्यातले कण वितळतात आणि त्यांच्या आतले क्वार्क आणि ग्लुऑन मोकळे होतात. विश्व जन्मलं तेव्हा पहिल्या काही क्षणांत सगळीकडे तेच होतं. आता सांगा, एवढ्या उष्णतेत त्याचं काय होईल?"

"वाफ," मास्तर म्हणाले. बॉयलरशेजारी आयुष्य गेलेल्या माणसाला यात विचार करण्यासारखं काही नव्हतं.

"सगळ्यांना तेच वाटलं होतं. मोठमोठ्या माणसांना. वायू होणार, जो तो कण आपापल्या वाटेने सुटणार. पण नाही झाला वायू. द्रव झाला, अब्बा. वाहणारा. आणि वाहणारा म्हणजे कसा, त्याच्या मापाने बघितलं तर पाणीसुद्धा काकवी. एवढा विनाअडथळा वाहणारा दुसरा द्रव कुणी बघितलेला नाही."

मास्तर ताठ बसले. हे तर त्यांच्या धंद्यातलं बोलणं होतं.

"जाड की पातळ ते कसं बघितलं? बोट कोणी लावलं?"

नूरैन हसली. "बोट कोण लावणार? अणूच्या गाभ्याएवढा थेंब, आणि तो किती वेळ टिकतो ते सांगायला आपल्याकडे शब्द नाही. पापणी हलायच्या आत अब्जावधी वेळा येऊन जाईल. तो थेंब आजवर कुणीही बघितलेला नाही."

"मग कशावरून म्हणता?"

"बाहेर काय आलं त्यावरून."

ती उठली, स्वयंपाकघरात गेली आणि आईने तव्यावरून उतरवलेल्या दोन भाकऱ्या ताटात घेऊन आली. एकीची कड दुसरीवर येईल अशा त्या तिने ठेवल्या.

"अन्नाशी खेळू नकोस," आतून आवाज आला.

"हे दोन गाभे. नेमके समोरासमोर नाही आपटले, जरा बाजूने लागले. जिथे एकावर एक आले तिथे बघा कसला आकार झाला. बदामासारखा. तिथे तो थेंब. आता तो वायू असता तर कणांना एकमेकांची पर्वाच नाही, सगळ्या दिशांना सारखे उडाले असते. पण द्रवातले कण एकमेकांना धरून असतात, ढकलतात. मग बदामाच्या टोकांकडून कमी बाहेर पडतात आणि कुशींकडून जास्त. आम्ही बाहेर चहूकडे यंत्रं लावून बसतो आणि हजारो कण मोजतो. मोजले तेव्हा ते कुशींकडून जास्त निघाले. आत द्रव असल्याशिवाय ते तसे निघूच शकत नाहीत. तोही जाड असता तर तसे निघाले नसते. म्हणून पातळ."

मास्तरांनी वरच्या भाकरीच्या कडेवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "म्हणजे बीम बघून कांजी ओळखायची."

"तस्सं!" नूरैनने कागद ओढून घाईघाईने ते लिहून घेतलं. "शनिवारी हेच सांगते. अर्ध्या मुलींच्या घरी लूम होते."

"म्हणजे बीम चांगला निघाला तर कांजी बरोबर."

"हो."

"आणि कांजी बरोबर तर बोट बरोबर."

मास्तरांना वाटलं होतं, ती पुन्हा हो म्हणेल. सकाळपासून त्यांना तेवढ्या एका 'हो'ची गरज होती. पण नूरैनने लिहिता लिहिता मान हलवली. तिला बोटाचं काहीच ठाऊक नव्हतं. ती आपल्या कामाच्या सवयीने बोलली.

"ते नाही म्हणता येत. कांजी बरोबर होती, बस्स. ती कोणी बरोबर केली ते बीम सांगत नाही. त्याच्या पुढचं सगळं आपण मनचं घालतो. आमच्यातल्यांनी नाही का वायूच घालून ठेवला होता!"

सबीहाने भाकऱ्यांचं ताट उचलून नेलं आणि जेवायला हाक मारली. मास्तर उठले. त्या दिवशी ते दोन घास कमीच जेवले, आणि सबीहाने विचारलं तेव्हा उकाड्यावर ढकललं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सायझिंगच्या वाटेवर ते हिशेब मांडत चालले होते. बोट जिवंत होतं तेव्हाही वर्षाला दोन-तीन बीम परत यायचे. यायचेच. नाराजी व्हायची, आरडाओरडा व्हायचा, मास्तर चूक कबूल करायचे, पुन्हा कांजी पाजून बीम पाठवायचे. ते सगळ्या मास्तरांचं होतं, त्यात कमीपणा नव्हता. आणि बोट मेल्यापासून? मास्तरांनी एकेका लूमवाल्याचं नाव मनात घेतलं. शेवटी कोण भांडायला आलं होतं? खूप मागे गेल्यावर एक भांडण आठवलं, ते फोडाच्या आधीचं निघालं. त्याच्यानंतर एकही नाही. दोन वर्षांत एकही बीम परत आला नव्हता. अंदाजाने चालणाऱ्या माणसाचे बीम बोटाने चालणाऱ्यापेक्षा चांगले कसे निघतील? ते गल्लीच्या तोंडाशी थांबले. एका टेम्पोवाल्याने हॉर्न वाजवून त्यांना बाजूला केलं.

आठ वाजता त्यांनी फळी बुडवली. सहाजण उभे राहिले. फळी वर काढली तेव्हा कांजीचे थेंबसुद्धा धड झाले नाहीत, पाण्यासारखी धार घळाघळा खाली गेली. आंधळ्यालाही कळलं असतं की कांजी पातळ आहे, अजून पाव तास शिजायला हवी. मास्तरांनी थेंब बोटांवर घेतला, चोळला आणि डोळे मिटले.

"दोन बादल्या पाणी," ते म्हणाले.

राघो हलला नाही. पन्नाशीचा, रुंद खांद्यांचा हा माणूस अठ्ठावीस वर्षं मास्तरांच्या हाताखाली होता. त्याने एकदा फळीकडे बघितलं, एकदा मास्तरांच्या तोंडाकडे. क्षणभरच.

"हा, मास्तर," तो म्हणाला. त्याने बादली भरली आणि तो टाकीमागे गेला.

मास्तर मशीनच्या पुढच्या टोकाकडे निघाले, चार पावलं गेले, आणि चाळीस वर्षांत न केलेली गोष्ट त्यांनी केली. ते वळले आणि टाकीला वळसा घालून मागे गेले.

राघो बादली टाकीच्या काठावर तिरकी धरून ओतत होता, पण आत नाही. पाणी टाकीच्या बाहेरच्या पत्र्यावरून खाली घसरत होतं आणि मोरीला लागत होतं. पत्र्यावर पाणी पडल्याचा आवाज पलीकडे ऐकू जाईल एवढ्या बेताने तो ओतत होता. दुसरा हात लांब करून त्याने वाफेचा कॉक थोडा उघडून ठेवला होता, कांजी अजून शिजावी म्हणून. आणि जिथून पाणी घसरत होतं तिथे पत्र्यावर वरपासून खालपर्यंत खाऱ्या पाण्याचा पांढरा पट्टा उमटला होता, हातभर रुंद. असा पट्टा महिन्या-दोन महिन्यांत उमटत नाही.

राघोची पाठ मास्तरांकडे होती. मास्तर आवाज न करता मागे फिरले.

मशीनच्या पुढे, आपल्या स्टुलावर बसल्यावर त्यांना आधी राग आला. अठ्ठावीस वर्षं हाताखाली असलेला माणूस रोज सकाळी आपल्या तोंडावर 'हा, मास्तर' म्हणतो आणि मागे जाऊन आपलं बोलणं मोरीत ओततो! बाकीच्या पाचजणांनाही हे ठाऊक असणार. ते रोज हात थांबवून उभे राहतात ते कशासाठी? माझं नाटक बघायला? त्यांचे कान तापले. उठून राघोच्या समोर उभं राहावं आणि काय वाट्टेल ते बोलावं असं वाटलं.

ते उठलेही. आणि उठता उठता त्यांना बाळाराम मास्तर आठवले.

इद्रीस तेव्हा बावीस वर्षांचे होते आणि बाळाराम मास्तरांच्या हाताखाली बादली उचलत होते. बाळाराम मास्तर बोटाने नव्हे, नजरेने कांजी ओळखत. फळीवरून सुटणाऱ्या धारेला उजेडात कशी चकाकी येते यावरून ते पाणी सांगत. अख्ख्या गावात त्यांच्या नजरेचं कौतुक होतं. मग त्या नजरेवर मोतीबिंदूचा पडदा आला. मास्तर कुणाला बोलले नाहीत. पण ते पाणी भलतंच सांगायला लागले, आणि तरण्या इद्रीसने टाकीमागे जाऊन, आपल्या बोटाने बघून, गुपचूप हवं तेवढंच पाणी घालायला सुरुवात केली. सात महिने. एक अक्षर तोंडातून काढलं नाही, कारण बाळाराम मास्तरांनी त्यांना हात धरून काम शिकवलं होतं आणि ईदला न चुकता त्यांच्या घरी येऊन शीरखुर्मा खाल्ला होता. मग एक दिवस, भर कामाच्या वेळी, बाळाराम मास्तर 'मला आता वाफ सोसवत न्हाय रं,' असं म्हणाले आणि घरी गेले ते पुन्हा आले नाहीत. गावाने शेवटपर्यंत त्यांच्या नजरेचं नाव घेतलं. इद्रीसनेही घेतलं. आपण मास्तरांची लाज राखली आणि त्यांना पत्ताही लागू दिला नाही, या गोष्टीचा इद्रीस मास्तरांना आजवर मनातल्या मनात अभिमान होता.

पत्ता लागू दिला नाही! आज स्टुलाशी उभं असताना त्यांना कळलं की बाळाराम मास्तरांना सगळं ठाऊक होतं. ज्याचं बोलणं मोरीत जातं त्याला ते कधी ना कधी कळतंच. त्यांनाही असाच राग आला असेल, असेच कान तापले असतील. मग त्यांनी बावीस वर्षांच्या पोरावरचा राग गिळला, वाफेचं निमित्त केलं आणि ते उठून गेले. म्हाताऱ्याला एकदा विचारायला हवं होतं, असं इद्रीस मास्तरांना वाटलं. पण काय विचारणार होते? त्यांनीही काही सांगितलं नसतं.

मशीन सुरू झालं. ओल्या तारांचा पांढरा पट वाफाळत्या सिलिंडरांवरून सरकत पुढे आला, सुकला आणि बीमवर गुंडाळू लागला. मास्तरांनी त्यावरून तळहात फिरवला. हाताला काही लागलं नाही. मग त्यांनी वाकून, डोळे बारीक करून बघितलं. एका तारेचा केस उभा नव्हता. कांजी अगदी जिथे बसायला हवी तिथे बसली होती. असा बीम आपल्या हातून आपल्या उमेदीच्या काळात तरी निघाला होता का, याची त्यांना खात्री देता आली नाही.

अकराच्या चहाला राघोने नेहमीसारखा त्यांचा पेला आणून दिला.

"आज जरा गप गप हाव, मास्तर. बरं वाटत न्हाय काय?"

"बरं आहे." त्यांनी पेला दोन्ही हातांनी धरला. एका हाताने धरला की आताशा सुटायचा. "राघो, तुला घरचे बसायला सांगतात ना? मग येतोस कशाला रोज?"

राघोने डोक्यावरची टोपी मागे सारली. "घरी बसून काय करू? गोडाऊनवाले त्यांचे पैसे देतात, आमची बाय देवाचं करते. मना हिकडची सवय झाली." त्याने टोपी पुन्हा सारखी केली. "आन् तुमी हाव तवर बरं वाटतं."

"मानकोलीला मशीन लागतंय. ऐकलंस?"

"ऐकलं. तुमी जा, मास्तर. तुमचं नाव होईल." हे तो अगदी मनापासून बोलला. आणि मग, पेले गोळा करता करता, खाली बघत म्हणाला, "थय मदतीला कोन देतायत तुमाला?"

मास्तरांनी त्याच्याकडे बघितलं. राघोने मान वर केली नाही. आपण गेलो तर तिथे पहिल्याच आठवड्यात काय होईल याची काळजी या माणसाला कालपासून लागलेली आहे, हे मास्तरांना स्पष्ट दिसलं. त्यांनी उरलेला चहा संपवला.

दुपारी दोनला अरशद आला. आज त्याच्याबरोबर मानकोलीच्या मशीनचा इंजिनिअर होता, गळ्यात ओळखपत्र घातलेला. अरशदने मास्तरांची ओळख करून देताना बोटाचं कौतुक केलं आणि इंजिनिअरने उत्सुकतेने मास्तरांच्या उजव्या हाताकडे बघितलं. सहाही माणसं आजूबाजूला होती. राघो टाकीपाशी होता.

"मग, मास्तर? येताय ना?"

"नाही," मास्तर म्हणाले.

अरशदचा चेहरा पडला. "का? लांब पडतं? गाडी पाठवतो मी."

मास्तरांनी वाफेचं निमित्त मनात तयार ठेवलं होतं. उकाडा, साखर, वय, काहीही चाललं असतं. कुणी पुढे विचारलं नसतं. गावाने त्यांच्या बोटाचं नाव शेवटपर्यंत घेतलं असतं आणि मशीनवर चार शिकलेली माणसं लागली असती. त्यांनी तोंड उघडलं आणि ते निमित्त तसंच गिळलं.

"बोट गेलंय माझं," ते सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. "दोन वर्षं झाली. काही कळत नाही त्याला. कांजीही कळत नाही आणि कढत पाणीही कळत नाही."

अरशद हसला, मोठ्या माणसाने उगाच नम्रपणा केला की हसतात तसं.

"काय मास्तर! दोन वर्षांत एक बीम परत आला नाही आपला. एक!"

"तेच तर सांगतोय," मास्तर म्हणाले.

अरशद हसतच होता. मग त्याचं हसणं थांबलं. तो मास्तरांकडे बघत राहिला, आणि थोड्या वेळाने त्याची मान हळूहळू टाकीच्या दिशेने वळली. तिथे राघो सगळ्यांकडे पाठ करून, आधीच कोरडा असलेला पत्रा पुन्हा पुन्हा पुसत उभा होता.